आज तिथी कोणती? नगर जिल्ह्यातून पाहिलेला पंचांगाचा इतिहास



सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. अहिल्याबाई होळकर गेल्या त्या दिवशी महिना कोणता होता? जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचं निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला झालं. आपल्याकडे त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य चतुर्दशीला मानतात. इंदूरला मात्र ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला असते. एक महिन्याचा फरक! मग इतिहासकारांनी एकाला खोटं ठरवायचं का?

ठरवायची गरज नाही, कारण दोन्ही नावं एकाच दिवसाची आहेत. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो आणि वद्य पक्ष आला की उत्तरेकडचा महिना एकाने पुढे जातो. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात, पण उपास दोघांचा एकाच रात्री. ज्यांचं नाव आज या जिल्ह्याला आहे, त्यांच्याच पुण्यतिथीत हा सगळा हिशेब बसलेला आहे, म्हणून आम्ही तिथून सुरुवात केली.

आजच्या व्याख्यानात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. पंचांग दिवस कसा मोजतं, या नगरच्या मुलखात किती प्रकारचे सन एकाच वेळी चालत होते, आणि दिवस कोणता हे सांगण्याचा अधिकार कुणाच्या हातात होता.

दिवस मोजायचा कसा?

पंचांग म्हणजे पाच अंगं: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यातला वार सगळ्यांत सोपा. आपला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. बाकीची चारही अंगं आकाशातल्या कोनांवर अवलंबून आहेत. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. अशा तीस तिथी झाल्या की चांद्रमास पुरा होतो. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. चंद्र ज्या २७ भागांतून फिरतो त्यांतला प्रत्येक भाग म्हणजे नक्षत्र, आणि सूर्य-चंद्राच्या स्थानांची बेरीज करून निघतो तो योग.

आता गंमत इथे आहे. चंद्राची गती सारखी नाही. तो कधी भरभर जातो, कधी रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. पण दिवस तर सूर्योदय ते सूर्योदय. मग नियम असा केला, की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची तिथी. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू झाली आणि पुढच्या सूर्योदयाच्या आत संपली, तर तिला सूर्योदयच मिळाला नाही. हा क्षय. एखादीला दोन सूर्योदय मिळाले, तर ती वृद्धी. दिनदर्शिकेत एकदम पंचमीनंतर सप्तमी दिसली की छपाईची चूक समजू नये, हा त्याचा अर्थ.

सण मात्र सगळेच सूर्योदयाच्या तिथीवर ठरत नाहीत. रामनवमीला माध्यान्ही नवमी हवी, महाशिवरात्रीला मध्यरात्री चतुर्दशी हवी, संकष्टीला चंद्रोदयी चतुर्थी हवी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी अमावास्या हवी. २०२४ च्या दिवाळीत अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली. उत्तरेत अनेकांनी ३१ तारखेला पूजन केलं, आपल्याकडच्या पंचांगांनी १ तारीख दिली. व्हॉट्सॲपवर तेव्हा भांडण जुंपलं होतं ते आपल्याला आठवत असेल. पण हे भांडण आजचं नाही. यासाठी मध्ययुगात ‘कालनिर्णय’ नावाचा एक ग्रंथप्रकारच तयार झाला होता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्यावर विस्ताराने लिहिलं.

आणि पुढे? यादव गेले, सुलतान आले, पण हे लेखन थांबलं नाही. ‘नृसिंहप्रसाद’ नावाचा धर्मशास्त्राचा एक मोठा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचे बारा भाग आहेत आणि त्यांतला एक भाग कालनिर्णयाचा. हा ग्रंथ लिहिणारा दलपती हा निजामशहाच्या दरबारातला मंत्री आणि दप्तराचा प्रमुख होता. म्हणजे दिवसा सुलतानाचं दप्तर सांभाळायचं, आणि त्याच लेखणीने एकादशी कोणत्या दिवशी धरावी याचा निर्णयही लिहायचा. त्या काळाला यात काही विसंगत वाटत नव्हतं.

निजामशाहीतला गणिती

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. मुरूडजवळ नांदगाव आहे, कोकणात. तिथे केशव दैवज्ञ आणि त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ हे ज्योतिषी राहत. गणेशाने शके १४४२, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. दंडा-राजपुरीचा तो किनारा तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि गादीवर पहिला बुरहाण निजामशहा होता.

ग्रहलाघवाने काय केलं? तोवरच्या सिद्धान्तग्रंथांत ग्रहाचं स्थान काढायचं म्हणजे प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार, आणि त्यात ज्या, म्हणजे आज शाळेत आपण ‘साइन’ म्हणतो ती कोष्टकं. गणेशाने ज्या वगळूनच टाकल्या. साधी सूत्रं दिली. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र धरून दिवसांची संख्या लहान ठेवली. पाच वर्षांनी ‘तिथिचिंतामणी’ लिहून तिथी-नक्षत्र-योगांसाठी तयार कोष्टकं दिली. त्यामुळे झालं असं, की फार मोठा विद्वान नसलेला, गावातला साधा जोशीसुद्धा पाटीवर धूळ पसरून वर्षाचं पंचांग करू शकू लागला. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात पुढची साडेतीनशे वर्षं पंचांगं मुख्यतः या ग्रंथांवर चालली. इतिहासात निजामशाही म्हटलं की आपण चांदबिबी आणि मलिक अंबर एवढ्यावर थांबतो. आमच्या मते या राज्याच्या काळातली सगळ्यांत टिकाऊ गोष्ट किल्ल्यात सापडत नाही, ती गणेश दैवज्ञाच्या पोथीत आहे.

एका कागदावर तीन सन

आता दप्तराकडे वळू या. नगर जिल्ह्यातले पेशवाईतले मोडी कागद कुणी हातात घेतले असतील, तर त्यांना हा अनुभव आला असेल: कागदावर तारीख आहे, पण ती कळत नाही.

उदाहरण घेऊ खर्ड्याचं. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई ११ मार्च १७९५ रोजी झाली. हे इंग्रजी तारखेने. त्याच वेळी शक होता १७१६. मराठी दप्तरात त्या वर्षाला म्हणत ‘सन खमस तिसैन मया व अलफ’. अरबी आकडे आहेत हे: खमस म्हणजे पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११९५. हा सुहूर सन. आणि महसुलाच्या हिशेबात तेच वर्ष फसली १२०४.

हे सन आले कुठून? हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते ऋतूंमधून फिरत राहतं. सारा तर पिकावर वसूल करायचा. पीक काही मोहरमसाठी थांबत नाही. म्हणून राज्यकर्त्यांनी एक युक्ती केली. हिजरी सनाचा चालू आकडा घ्यायचा आणि तिथून पुढे वर्ष सौर मोजायचं. सुहूर सन असा १३४४ च्या सुमारास, हिजरी ७४५ वर सुरू झाला. म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. निजामशाही १६३६ साली संपली आणि त्याच सुमारास शाहजहानने दख्खनेत फसली सन आणला. तेव्हा हिजरी होता १०४६. १३४४ ते १६३६ ही सौर वर्षं झाली २९२, पण तेवढ्या काळात हिजरी वर्षं झाली ३०१. फरक नऊचा. म्हणून आजही कोणत्याही जुन्या कागदावर सुहूर आणि फसली यांच्यात बरोबर नऊचं अंतर सापडतं. कागद खरा की बनावट, हे पाहायची ही पहिली कसोटी.

या दोन्ही सनांचं वर्ष सुरू कधी होई? मृग नक्षत्राला. सूर्य मृगात शिरला की नवं वर्ष. म्हणून सुहूर सनाला मृगसाल असंही नाव आहे. बघा कसं जमून आलं ते. आकडा हिजरीचा, शब्द अरबी, आणि वर्षारंभ मात्र पंचांगातल्या नक्षत्राचा, कारण पेरणी त्याच नक्षत्रावर. दिवस लिहितानाही हीच सरमिसळ: पत्राच्या शेवटी ‘छ’ हे अक्षर लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र कितवा ते लिहीत, आणि देवाधर्माच्या कामाला मात्र मिती.

राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती (१७१५ ते १७९०) हे आपल्याला संतचरित्रकार म्हणून माहीत आहेत. ते गावचे कुलकर्णीही होते. कुलकर्ण्याच्या दप्तराला सुहूर-फसली सन लागत. पण त्यांचा ‘भक्तविजय’ ओळखला जातो तो शके १६८४, चित्रभानू संवत्सर या काळाने. साऱ्याचा काळ वेगळा, संतांच्या चरित्राचा काळ वेगळा, लिहिणारा माणूस एकच.

तिथी इतिहासाला कशी वाचवते

आता कुणी म्हणेल, एवढा गोंधळ कशाला हवा होता? तर या गोंधळातच एक सोय दडलेली आहे. जुन्या लेखनात शक, संवत्सराचं नाव, महिना, पक्ष, तिथी आणि वार एवढं सगळं एकत्र येतं. संवत्सरं साठ, क्रमाने फिरतात. यातला एखादा आकडा नकलकाराने चुकवला तर बाकीचे त्याला पकडतात.

ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, स्थळ नेवासे. हे आपल्याला पाठ आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीचा परंपरेतला दिवस शके १२१८, दुर्मुख संवत्सर, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार. आता तपासा. साठांच्या चक्रात शके १२१८ ला दुर्मुखच येतं. ती तिथी २५ ऑक्टोबर १२९६ ला येते, आणि त्या दिवशी वारही गुरुवारच येतो. सातशे वर्षांनंतर तीन कुलपं एकाच किल्लीने उघडतात.

शिवजन्माचंही तसंच. शहाजीराजे निजामशाहीचे सरदार, शिवनेरी निजामशाहीतला गड. जेधे शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. तिचं रूपांतर १९ फेब्रुवारी १६३०. पण ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० होतो. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस आजच्या पद्धतीने मागे मोजत गेलात तर मंगळवार येईल, शुक्रवार येणार नाही! म्हणजे तिथीने शिवजयंती करणारे आणि तारखेने करणारे जेव्हा वाद घालतात, तेव्हा एक गोष्ट दोघांनीही लक्षात घ्यावी. मूळ नोंद तिथीची आहे, आणि तारीख हा तिचा एक अनुवाद आहे. सरकारी उत्सवाला ठरलेली तारीख सोयीची असते, यात वावगं काही नाही. पण संशोधकाने अनुवाद वापरताना मूळ समोर ठेवावं.

उलट बाजूचं उदाहरणही देतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणून ‘मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ असं आपण म्हणतो, आणि पुष्कळांना वाटतं की त्या दिवशी मकरसंक्रांतच होती. नव्हती. तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. मकरसंक्रांत तेव्हा जानेवारीच्या नऊ-दहा तारखेला येत असे. कारण आपलं सौर वर्ष नक्षत्रांच्या संदर्भाने मोजलेलं आहे. ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असतं. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते.

हाच नियम मृगालाही लागू आहे. आज मृग ७-८ जूनला निघतो. खर्ड्याच्या लढाईच्या काळात तो तीनेक दिवस आधी निघायचा, आणि ज्ञानेश्वरांच्या काळाचा विचार केला तर ऋतूंच्या मानाने दहा दिवस आधी. पाऊस मात्र ऋतूंच्या वर्षाने येतो. म्हणजे नक्षत्र आणि पाऊस यांची जोडी हळूहळू सैल होते आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. इथल्या शेतकऱ्याने रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि रब्बीच्या ज्वारीसाठी उत्तरा-हस्ताकडे डोळे, असं सगळं वर्ष नक्षत्रांत बसवलं. तेरा-चौदा दिवसांचा एकेक तुकडा, कामाच्या आखणीला उत्तम. पण पंचांगात प्रत्येक नक्षत्राला जे वाहन दिलेलं असतं, बेडूक, मोर, गाढव, म्हैस, ते नक्षत्रांची मोजणी करून नऊने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरून येतं. ढगांशी त्याचा संबंध नाही. आखणीचं शहाणपण वेगळं, बाकीचा भागाकार वेगळा. दोन्हींची गल्लत करू नये, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

मुहूर्त सांगणार कोण?

आता तिसरा प्रश्न. हे सगळं गणित होतं, पण ते माहीत कुणाला होतं? गावात घड्याळ नाही, छापील कागद नाही. ग्रामजोशी हा वतनदार. पाडव्याला तो चावडीत किंवा देवळात वर्षफल वाचणार, लग्नाची तिथी तोच काढणार. लग्नात तो घटिकापात्र मांडायचा: पाण्याच्या भांड्यावर तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. अहोरात्रीत साठ घटका, तीस मुहूर्त. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग त्या वाटीतून आला.

मुहूर्त न विचारता काम करायची सोयही परंपरेने ठेवली होती. साडेतीन मुहूर्त आपल्याला माहीत आहेत: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तीन आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. त्या दिवशी जोशाला विचारायला नको. पण लग्नकार्याला त्याच्यावाचून चालत नसे, आणि त्याचं मानधन हा वतनी हक्क होता. १९व्या शतकात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने जोशावाचून लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न थेट कचेरीत गेला. शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचं प्रकरण प्रसिद्ध आहे. आपला हक्क बुडाला म्हणून ग्रामजोशी दाव्याला उभे राहिले आणि वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. दिवस चांगला की वाईट, एवढ्यापुरता हा वाद नव्हता. माझ्या घरातल्या कार्याची वेळ ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा तो प्रश्न होता.

त्याच काळात दुसरीकडून गणितालाही धक्का बसला. ग्रहलाघवातली स्थूल सूत्रं साडेतीनशे वर्षांनी आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नाविक पंचांगाच्या आधाराने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून नवं सूक्ष्म पंचांग सुरू केलं. पटवर्धनी पंचांग ते हेच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून हा सगळा इतिहास मांडला. लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारखे लोक वादात उतरले. वाद होता राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा याचा, रेवतीच्या ताऱ्यावरून की चित्रेवरून. फरक जवळजवळ चार अंशांचा. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत चार दिवस आधी येते आणि कधी कधी अधिक महिनाही वेगळा पडतो. सोलापूरच्या दाते पंचांगाने चित्रापक्ष धरला आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तोच रूढ झाला.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं. हेमाद्री आणि दलपती यांच्या पोथ्यांतला शब्द भिंतीवर लटकला! भाकरी थापणाऱ्या बाईला एकादशी कधी हे विचारायला कुणाकडे जावं लागेना. आमच्या मते पंचांगाच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे. गणित शतकानुशतकं होतंच. ते प्रत्येकाच्या घरात गेलं, हे नवं.

तरी एक बारकावा सांगून ठेवतो. छापील वेळा एका विशिष्ट गावासाठी असतात. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. नगर त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३१ मिनिटं मागे. मुंबईची ३९ मिनिटं मागे. म्हणजे केवळ रेखांशामुळे नगरचा सूर्य मुंबईच्या आठेक मिनिटं आधी उगवतो. तिथी तेवढ्या मिनिटांतच संपत असेल, तर दोन गावांची तिथी वेगळी पडू शकते.

शेवटी आजच्या जिल्ह्याकडे पाहू. शिंगणापूरला अमावास्या शनिवारी आली की लाखोंची गर्दी होते, तिथे तिथी आणि वार यांचा योग महत्त्वाचा. साईबाबा गेले १५ ऑक्टोबर १९१८ ला, पण शिर्डीत पुण्यतिथी होते विजयादशमीला. त्याच शिर्डीत १८९७ पासून उरूस भरू लागला तो रामनवमीला. अहिल्याबाईंची जयंती चौंडीला ३१ मे या तारखेने होते, २०२५ साली तिची त्रिशताब्दी झाली, आणि पुण्यतिथी मात्र तिथीने. एका जिल्ह्यात हे सगळं शेजारी शेजारी चालतं आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

तेव्हा घरात जुना कागद असेल, पणजोबांची पत्रिका, वतनाची सनद, देवळाच्या पायरीवरचा लेख, तर त्यावरची मिती वाचून पाहा. शक, संवत्सर, तिथी, वार आणि सन, जे सापडेल ते सगळं जसंच्या तसं लिहून घ्या. इंग्रजी तारखेत बदलायची घाई करू नका. बदललेली तारीख पुन्हा काढता येते, मूळ मिती पुसली गेली तर ती परत मिळत नाही.

आता प्रश्न घेऊ या.